विचुंब्याच्या आजी आणि एकविरा आई

पनवेल स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडले की नवीन पनवेलची सेक्टरांत विभागलेली आखीव वस्ती लागते. ती मागे टाकून गाढी नदी ओलांडली की विचुंबे. माथेरान-प्रबळगडाच्या डोंगरांकडून येणारी ही नदी देहरंगच्या धरणात पनवेलकरांसाठी पाणी ठेवून खाडीकडे जाते. पूर्वी या सगळ्या पट्ट्यात भातखाचरे होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नदीच्या अलीकडे शहर उभे राहिले, आणि पलीकडची गावे २०१३ नंतर ‘नैना’ नावाच्या नियोजनक्षेत्रात आली. आज विचुंब्यात कौलारू घरापासून हाकेच्या अंतरावर बहुमजली इमारत दिसते आणि दोन्हींच्या दारात एकाच प्रकारची तुळस असते.

वाचकहो, हे काही पर्यटनस्थळ नव्हे. येथे पाहण्याजोगा किल्ला नाही, प्रसिद्ध देऊळ नाही. तरीही आश्विनातील एखाद्या संध्याकाळी आपण येथे एक फेरफटका मारावा असे मी सुचवीन. मी गेली पंचवीसेक वर्षे या परिसरात वैद्यकीय व्यवसाय करते. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत साठी ओलांडलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. त्यांच्या गोळ्यांचे वेळापत्रक लिहिताना मला त्यांच्या देवीचे वेळापत्रक आधी विचारावे लागते, आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

या गावात दोन प्रकारच्या आजी राहतात. पहिल्या मूळच्या भूमिकन्या, आगरी घरांतल्या. भातलावणी, मासळी, मिठागरे यांच्या आठवणी त्यांच्या बोलण्यात अजून ताज्या आहेत. त्यांची देवी म्हणजे वेशीवरची गावदेवी आणि कार्ल्याच्या डोंगरावरची एकविरा आई. दुसऱ्या आजी इमारतींतल्या. सातारा, सोलापूर, नाशिक, विदर्भ अशा ठिकाणांहून मुलाच्या नोकरीमागे त्या येथे आल्या. गाव सुटले, शेजार सुटला, पण येताना पितळी डब्यातून टाक आले. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची महालक्ष्मी, माहूरची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी ही साडेतीन पीठे आता सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या शेजारच्या देव्हाऱ्यात नांदतात. घटासाठी लागणारी माती मात्र कुठून आणायची, हा प्रश्न दरवर्षी पडतो. मग नातू नदीकाठी जाऊन पिशवीभर माती आणतो.

त्या मातीत धान्य पेरतात, मधोमध पाण्याचा घट ठेवतात, रोज एक माळ वर चढवतात आणि नऊ दिवसांत हिरवे-पिवळे अंकुर वीतभर होतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८ सालच्या ग्रंथात देवी, भूमी आणि सर्जन यांचे नाते विस्ताराने उलगडून दाखविले आहे. तो ग्रंथ न वाचलेल्या आजीलाही हे नाते ठाऊक असते. अंकुर विरळ आले तर ती मनातल्या मनात खट्टू होते.

देवी आणि देह यांचे नाते आपल्या भाषेतही किती खोल गेले आहे पाहा. ज्या रोगाने एके काळी गावेच्या गावे ओस पडली, त्या रोगाला मराठीत ‘देवी’ असेच नाव होते. ‘देवी आल्या’ म्हणजे तो रोग झाला. लस टोचणे म्हणजे ‘देवी काढणे’, आणि टोचणारा तो ‘देवी डॉक्टर’. घरात रुग्ण असला की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई, बाहेरच्यांची ये-जा थांबे. त्यामागची भावना कोपलेल्या देवीला शांत ठेवण्याची होती. परिणामी रुग्णाला विश्रांती मिळे आणि थोडेफार विलगीकरणही साधे. भारतात या रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. आपणांपैकी अनेकांच्या हातावर त्या टोचणीचा गोल, खोलगट व्रण आजही असेल. नातवंडांना तो जरूर दाखवा. लस आणि देवी यांत आपल्या आजीने कधी भांडण लावले नाही, हेही त्यांना सांगा. तिने डहाळाही लावला आणि हातही पुढे केला.

हे सांगण्याचे कारण असे की आजच्या घरांत हे भांडण अनेकदा आपणच लावतो. मुलगा म्हणतो, “आई, या वर्षी नवरात्र नाही. डॉक्टरांनी सांगितले आहे.” पुष्कळदा डॉक्टरांनी तसे मुळीच सांगितलेले नसते. त्यांनी साखर सांभाळा एवढेच म्हटलेले असते.

यात आजीकडून नेमके काय काढून घेतले जाते, हे समजून घेण्यासाठी विचुंब्यासारख्या गावातील स्त्रीचे आयुष्य पाहिले पाहिजे. आगरी समाजात लग्नाचे विधी सांगण्याचा मान परंपरेने ‘धवलारीण’ या स्त्रीकडे आहे. ती धवले गाते. हळदीपासून लग्न लागेपर्यंतचा प्रत्येक विधी तिच्या गाण्यावर चालतो. तिच्याकडे पोथी नसते. सगळे कंठस्थ, आईकडून किंवा सासूकडून ऐकून आलेले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते त्या महानुभाव पंथातील महदंबेची तेराव्या शतकातील रचनाही ‘धवळे’ म्हणजे विवाहगीतेच आहेत. लिहिता-वाचता न येणारी एक स्त्री मांडवात बसते, गावातील मोठमोठे पुरुष ‘आता पुढे काय?’ म्हणून तिच्या तोंडाकडे पाहतात, आणि ती सांगेल तसेच होते. असे पद या स्त्रीला दुसऱ्या कोणत्या कार्यालयात मिळाले असते?

धवलारीण प्रत्येक घरात नसते. पण प्रत्येक घरात कुणीतरी असे पद सांभाळत असते. गौरी कोणत्या दारातून आत आणायची, तेरड्याची जुडी कशी बांधायची, पहिल्या वर्षीच्या सुनेचा ओवसा कसा भरायचा, बाळाच्या पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईपुढे काय मांडायचे, हे ठरविणारी एक वडीलधारी बाई असते. आणि येथे एक गोष्ट डॉक्टर म्हणून माझ्या लक्षात येत गेली. हा अधिकार बहुतेकींच्या हाती पन्नाशीनंतर पूर्णपणे येतो. तरुणपणी मासिक पाळीच्या दिवसांत देव्हाऱ्यापासून दूर बसावे लागलेले असते. पाळी थांबली की ती अडचण संपते. या बंधनाविषयी माझे मत वेगळे आहे, ते मी माझ्या रुग्णांपासून लपवीत नाही. परंतु अनेक स्त्रियांच्या अनुभवात रजोनिवृत्ती म्हणजे देव पूर्ण मिळण्याचा काळ असतो, हे खरे. दुर्दैव असे की हाडे ठिसूळ होऊ लागण्याचा, रक्तदाब चढण्याचा आणि गुडघे कुरकुरण्याचा काळही नेमका तोच. पद मिळते तेव्हाच ते पेलणारा देह थकू लागतो.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आजीचे व्रत काढून घेऊ नका, व्रतातील शरीरावरचा भार तेवढा हलका करा. माझ्या पाहण्यात अशा वृद्धा आहेत ज्यांच्याकडून घट, गौरी, वाणाचे ताट हे सगळे ‘तुम्ही आता आराम करा’ म्हणत प्रेमाने काढून घेतले गेले. पुढच्या काही महिन्यांत त्यांचे जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले, आणि तपासण्यांत मात्र नवे काहीच निघाले नाही. आरामाच्या नावाखाली त्यांना पदावरून निवृत्त केले गेले होते आणि तसे कुणी तोंडाने म्हटलेही नव्हते.

भार हलका करण्याची वाट परंपरेनेच ठेवलेली आहे. ‘उठता-बसता’ उपवास हा शब्द आपण सर्वांनी ऐकला असेल. घट बसतात तो दिवस आणि घट उठण्याच्या आधीचा दिवस एवढेच उपवास धरायचे. काही घरांत धान्यफराळाची रीत आहे. धान्य भाजून त्याच्या पिठाची भाकरी उपवासाला चालते. मधुमेहाच्या रुग्णासाठी भाजलेल्या ज्वारीची भाकरी आणि दही हे साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा कितीतरी बरे, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो साखर झपाट्याने चढवतो आणि प्रथिने देत नाही. त्याला बटाट्याची जोड मिळाली की दुखण्यात भर. राजगिरा, दूध, ताक, दही, मूठभर शेंगदाणे, काकडी यांवर भर द्यावा. वरईचे तांदूळ चालतील, पण थोडे. वरईचे पीठ सुटे आणून दमट हवेत बरेच दिवस ठेवू नये, बुरशी धरलेल्या पिठाने विषबाधा होते. आणि सैंधव हेही मीठच आहे. ‘उपवासाचे मीठ’ म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने सढळ हाताने घालू नये.

गोळ्यांचा हिशेब अधिक नाजूक आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन हे आपण जेवलात की नाही हे पाहत नाहीत; ते साखर उतरवतातच. पोट रिकामे असेल तर ती धोक्याच्या खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिन एकटे असेल तर हा धोका बराच कमी. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गटातील गोळी चालू असताना पाणीही कमी आणि अन्नही कमी, असे करू नये. शरीर कोरडे पडते आणि क्वचित रक्तात आम्ल साठते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्यांचेही तसेच. म्हणून घटस्थापनेच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन ‘माझे नऊ दिवस असे असणार आहेत’ हे स्पष्ट सांगावे आणि मात्रा ठरवून घ्यावी. स्वतःच गोळ्या बंद करणे हे उपवासाहून अधिक घातक. आजी हे सांगणार नाहीत. त्यांना वाटते डॉक्टर रागावतील. तेव्हा सोबत जाणाऱ्याने विषय काढावा. निर्जळी उपवास मात्र साठीनंतर कुणीही, कोणत्याही कारणाने करू नये. या बाबतीत माझ्याशी आजवर कुणाला तडजोड करता आलेली नाही.

आता एका संध्याकाळची हकिगत. अष्टमीचा दिवस, एका घरी देवीची गाणी चालू होती. उपवास असलेल्या एक वयस्क बाई घामाघूम झाल्या, हात थरथरू लागले, नजर स्थिर झाली, विचारलेल्याला भलतेच उत्तर देऊ लागल्या. भोवतालच्या बायकांनी हात जोडले. ‘अंगात आले’ असे कुणीतरी म्हणाले, कुणी हळद-कुंकू आणायला धावले. त्यांच्या सुनेने नमस्कार केला आणि त्याच बोटांनी पर्समधून साखर तपासण्याचे यंत्र काढले. आकडा पन्नासच्या आसपास होता. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तिने ते पाणी घोटघोट पाजले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले. तोवर बाई भानावर आल्या आणि ‘मंडळी माझ्याकडे अशी काय पाहता?’ असे विचारू लागल्या. मला फोन आला तो हे सगळे झाल्यावर. मी जाऊन फक्त त्या सुनेची पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवशी गोळीची मात्रा बदलली.

अंगात येण्याची चेष्टा करण्यासाठी मी हे सांगत नाही. एरवी घरात जिचे ऐकले जात नाही त्या बाईपुढे त्या वेळी सगळे घर वाकते, कर्ता पुरुष तिला प्रश्न विचारतो, आणि वर्षभर जे गिळले ते ती मोठ्याने बोलते. तिला त्यातून मोकळे वाटते हे मी अनेकदा पाहिले आहे. तेथे औषधाची घाई मी करीत नाही. परंतु जिच्या कधीच अंगात आले नव्हते अशा सत्तरीच्या बाईच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत असेल, तर आधी साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे साखर द्यावी. साखर ठीक असूनही असंबद्ध बोलणे चालूच राहिले, ताप असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा रक्तदाबाची गोळी नुकतीच बदलली असेल, तर मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा रक्तातील सोडियम उतरणे ही कारणे वृद्धांत नेहमी आढळतात. चेहरा वाकडा झाला, एक हात लुळा पडला, तर एक क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी किंवा तीर्थ घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

विचुंब्यातील आजींची मोठी यात्रा चैत्रात असते. चैत्र शुद्ध सप्तमीला कार्ल्याला एकविरा आईची पालखी निघते आणि आगरी-कोळी समाजातील माणसे गावोगावांहून डोंगर चढतात. पनवेलहून जुन्या महामार्गाने खोपोली, मग घाट, लोणावळा ओलांडले की कार्ला फाटा. रेल्वेने जाणाऱ्यांना मळवली स्थानक जवळ. देवीचे मंदिर अगदी लेण्याच्या तोंडाशी आहे. आपण दर्शन घेतले की तसेच परत फिरू नये, दोन पावले पुढे चैत्यगृहात जावे. खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत हे भारतातील सर्वांत मोठे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत. तेथील कोरीव लेखांत खांब आणि कोरीव काम दान करणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत भिक्षुणी व इतर स्त्रियाही आहेत. म्हणजे या डोंगरावर बाईने येऊन काही अर्पण करावे आणि त्याची नोंद राहावी, ही रीत मंदिराहूनही जुनी. मला स्वतःला आत गेल्यावर मिळणारा गारवा आणि बाहेर चाललेला ‘एकविरा आईचा उदो’ हा गजर, हे दोन्ही एकाच वेळी अनुभवायला आवडते.

येथे ‘आई’ या शब्दाविषयी थोडेसे. ऐंशीच्या घरातील एक बाई मला म्हणाल्या होत्या की आईला जाऊन पन्नास वर्षे झाली, भाऊ गेले, भावजयाही गेल्या, माहेरचे घर विकले गेले. आता जगात ‘आई’ अशी हाक मारायला कार्ल्याचा डोंगरच उरला आहे. घरात सगळे त्यांनाच आई म्हणतात, सल्ला त्यांना विचारतात, नातवंडे त्यांच्याकडे रडत येतात. त्यांनी कुणाकडे रडत जायचे? भाद्रपदात गौर माहेरवाशीण म्हणून येते, तीन दिवस राहते, मनासारखे जेवते, ज्यांच्या घरी तिखटाचा नैवेद्य असतो तेथे मासळी-मटणही खाते, आणि जाते. त्या निमित्ताने लेकीबाळींना विसावा मिळतो. म्हातारीला मात्र माहेर उरत नाही. तिला डोंगर चढू नको म्हणणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की तो तिला माहेरी जाऊ नको म्हणत असतो.

मग न्यावे कसे? चैत्राचे ऊन कडक असते, म्हणून पहाटे निघावे आणि नऊच्या आत वर पोहोचावे. पालखीच्या गर्दीचा दिवस टाळून आधी किंवा नंतर जाण्याने पुण्य कमी होत नाही. मोटार डोंगराच्या मध्यापर्यंत जाते, तरी पुढे पायऱ्या आहेतच. ज्यांना घरच्या दोन जिन्यांवर दम लागतो, छातीत किंवा जबड्यात आवळल्यासारखे होते, त्यांनी आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. स्त्रियांत, विशेषतः मधुमेही स्त्रियांत, हृदयाचे दुखणे छातीत न दुखताही येते. नुसता दम, घाम, पाठीत कळ किंवा अचानक अशक्तपणा एवढेच दिसते. अनवाणी चढण्याचा नवस असेल आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर तापलेल्या दगडाने पाय भाजतो आणि तिला कळतही नाही. परतल्यावर चार दिवसांनी फोड चिघळतो, आणि अशा जखमेपायी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. जाड सुती मोजे घालावेत. चामडे पायात नसले की नवसाला बाध येत नाही, असे मला वयस्क भाविकांनीच सांगितले आहे. घरी आल्यावर केअरटेकरने तळवे आणि बोटांच्या बेचक्या स्वतः डोळ्यांनी पाहाव्यात, आजींच्या ‘काही झाले नाही’ यावर विसंबू नये. आणि अगदीच चढ झेपत नसेल तर पायथ्याशी पहिल्या पायरीवर डोके टेकावे. पायरीचे आणि कळसाचे दर्शन आपल्याकडे पूर्वापार पूर्ण दर्शन मानले गेले आहे.

एक विषय अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. आपल्या स्त्रीपूजेचा मोठा भाग सवाष्णीभोवती फिरतो. पती गेला की ओटी, हळदी-कुंकू, गौरीचे सवाष्ण-जेवण यांतून बाई बाजूला होते. साठी-सत्तरीतील स्त्रियांत विधवांचे प्रमाण किती असते हे आपण आपल्याच इमारतीत मोजून पाहा. ज्या वयात एकटेपण सर्वांत जास्त, त्याच वयात संक्रांतीच्या संध्याकाळी शेजारची दारे बंद होतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठरावाने मन एका दिवसात बदलत नाही. विचुंब्यातील एका इमारतीत मी पाहिले ते इतकेच, की यजमानीण बाईंनी आपल्या विधवा सासूला दाराशी बसवले आणि येणाऱ्या प्रत्येकीला हळद-कुंकू त्यांच्याच हातून दिले. दोघी-तिघी थबकल्या. मग त्याही पुढे झाल्या. सासूबाईंनी स्वतःच्या कपाळाला बोट लावले नाही. तो त्यांचा निर्णय. त्यांचा रक्तदाब त्या आठवड्यात सुधारला असे मी मुळीच म्हणणार नाही, पण मला जिन्यात गाठून कोण कोण आले होते हे त्यांनी पाऊण तास सांगितले.

आणि ती सून? नऊ दिवस सर्वांच्या फराळाचे पाहणारी, सासूची साखर तपासणारी, अखंड दिव्यात तेल घालायला रात्री उठणारी? तिला आपण कौतुकाने ‘घरची लक्ष्मी’, ‘अष्टभुजा’ म्हणतो. मला हा शब्द ऐकला की तिचे हिमोग्लोबिन विचारावेसे वाटते. बहुधा ते तपासलेलेच नसते. आठ हातांचे कौतुक करण्यापेक्षा घरातल्या इतर दोन हातांनी रात्रीच्या दिव्याचे काम घ्यावे. दिवा काचेच्या आवरणात, पदर पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला रात्री त्याच्याकडे वाकावेही लागणार नाही.

इमारतींच्या गच्चीवर आश्विनात भोंडला असतो. घाटावरून आलेल्या आजींनी तो येथे आणला आणि आता गावातल्या मुलीही त्यात येतात. पाटावर हत्तीचे चित्र काढून मधोमध मांडतात, भोवती फेर धरतात. जिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत अशा एका आजींची खुर्ची गेल्या वर्षी हत्तीच्या शेजारी मांडली होती. फेर धरणे त्यांना शक्य नव्हते, पण गाणी फक्त त्यांनाच सगळी येत होती. त्या एकेक ओळ सांगत आणि बाकीच्या उचलून धरीत. शेवटी खिरापत ओळखायची वेळ आली. डबा कानाशी हलवून त्यांनी क्षणभर ऐकले आणि म्हणाल्या, “फुटाणे. म्हणजे डॉक्टरीणबाई आलेल्या दिसतात.”